लिनक्सवर फाइलींचं रूपांतर : जुना मराठी मजकूर, कॅसेट, व्हिडिओ आणि पीडीएफ यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावच्या वाचनालयासाठी आणि नात्यागोत्यातल्या मंडळींसाठी गेली काही वर्षं मी जुन्या फॉरमॅटमध्ये अडकलेला मजकूर, आवाज आणि चित्रं बाहेर काढतो आहे. सगळं काम लिनक्सवर होतं आणि सगळी साधनं फुकट मिळतात. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

आज्ञा आणि त्यांचे पर्याय इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ते इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायचे, आकडेही इंग्रजी. ‘पीडीएफटूटेक्स्ट’मधलं ‘टू’ म्हणजे टी आणि ओ ही अक्षरं. जिथे दोनचा आकडा हवा आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

फाइलचं नाव बदलून एमकेव्हीचं एमपी४ केलं, तर रूपांतर झालं का?

नाही. नावाचा शेवट ही फक्त पाटी असते. व्हिडिओ फाइल म्हणजे एक डबा. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही ही डब्यांची नावं. आत चित्राचा एक प्रवाह असतो, आवाजाचा एक असतो, कधी उपशीर्षकंही असतात. हे प्रवाह ज्या पद्धतीने दाबून भरलेले असतात तिला कोडेक म्हणतात : एच.२६४, एच.२६५, एमपेग-२, आवाजासाठी एएसी, एमपी३, ओपस.

म्हणून काम दोन प्रकारचं असतं. पहिल्यात आतलं सगळं जसंच्या तसं उचलून दुसऱ्या डब्यात ठेवायचं. काही सेकंदांत होतं आणि दर्जा कणभरही कमी होत नाही. दुसऱ्यात आतला प्रवाह उलगडून नव्या पद्धतीने पुन्हा दाबायचा. याला वेळ लागतो आणि दर वेळी थोडा तपशील कायमचा जातो. आपल्याला यातलं नेमकं कोणतं हवं आहे हे आधी ठरवलं, तर निम्मे घोटाळे होतच नाहीत. डबा बदलून भागत असेल, तर भाजी पुन्हा शिजवू नये.

फाइलमध्ये आत काय आहे हे कसं कळेल?

‘फाइल’ ही आज्ञा आणि पुढे फाइलचं नाव दिलं की लिनक्स पाटी न बघता आतले पहिले बाइट वाचून प्रकार सांगतो. व्हिडिओ आणि आवाजासाठी ‘एफएफप्रोब’ वापरा : कोडेक, चौकटीचा आकार, लांबी, प्रवाह किती, सगळं दिसतं. पीडीएफसाठी ‘पीडीएफइन्फो’ आणि ‘पीडीएफफाँट्स’ आहेत. काहीही करण्याआधी हे बघायची सवय लावून घ्या.

नवी फाइल तयार झाली. आता जुनी काढून टाकू का?

काढू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

माझ्या आत्याने जात्यावरच्या ओव्या एका कॅसेटवर म्हणून ठेवल्या होत्या. शहरातल्या एका दुकानातून त्या एमपी३ करून आणल्या. जागा वाचावी म्हणून तिथे ६४ केबीपीएसवर दाबल्या आणि काम झालं म्हणून घरात त्या कॅसेटवर दुसरं काही रेकॉर्ड केलं गेलं. आज त्या फाइलमध्ये आत्याचे शब्द कळतात, पण जात्याची घरघर पाण्याच्या बुडबुड्यांसारखी ऐकू येते. ती आता कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येणार नाही, कारण ती माहिती फाइलमध्ये उरलेलीच नाही.

कॅसेट, फोटो, मूळ डॉक फाइल, मूळ स्कॅन जपून ठेवा. रूपांतरित फाइल नेहमी वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊ द्या. मूळ फाइलींचा ‘एसएचए२५६सम’, म्हणजे आतल्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा, काढून एका मजकूर फाइलीत ठेवलात, तर त्या पाच वर्षांनीही तशाच आहेत की नाही हे एका आज्ञेत तपासता येतं.

कॅमकॉर्डरमधल्या एमटीएस फाइली फोनवर चालत नाहीत. काय करू?

एमटीएसमध्ये बहुधा एच.२६४ चित्र असतं, म्हणजे फोनला समजणारंच. फक्त डबा अनोळखी असतो. तेव्हा व्हिडिओ-आवाजाचं रूपांतर करणारा एफएफएमपेग वापरा :

एफएफएमपेग -आय बारसं.एमटीएस -सी कॉपी बारसं.एमपी४

‘-सी कॉपी’ म्हणजे काही उलगडू नकोस, जसं आहे तसं हलव. एक लक्षात ठेवा : न सांगितल्यास एफएफएमपेग चित्राचा एकच आणि आवाजाचा एकच प्रवाह घेतो. दोन भाषांचा आवाज असलेली फाइल असेल तर ‘-मॅप ०’ लिहा, म्हणजे सगळे प्रवाह येतील. आणि फाइल संकेतस्थळावर चढवायची असेल तर ‘-मूव्हफ्लॅग्ज +फास्टस्टार्ट’ जोडा. त्याने फाइलची अनुक्रमणिका शेवटाकडून सुरुवातीला येते आणि पूर्ण उतरायच्या आत व्हिडिओ सुरू होतो.

एफएफएमपेग हा प्रकल्प फाब्रिस बेलार्ड यांनी २००० साली सुरू केला. आज व्हिडिओची बहुतेक मुक्त साधनं पोटात हाच घेऊन चालतात, म्हणून तो थेट शिकणं फायद्याचं.

टीव्हीवर आवाज येतो, चित्र येत नाही.

मग आतला कोडेक टीव्हीला कळत नाही. नवे फोन एच.२६५ मध्ये चित्रण करतात, जुन्या टीव्हींना ते येत नाही. इथे पुन्हा दाबण्यावाचून इलाज नाही. चित्र लिबएक्स२६४ ने, आवाज एएसीने, आणि ‘-पिक्सएफएमटी’ म्हणजे रंगांच्या मांडणीचा पर्याय ‘वाययूव्ही४२०पी’. या पर्यायाच्या नावात पिक्स आणि एफएमटी यांच्या मधे अधोरेखा आहे. ती मांडणी नसेल तर संगणकावर छान दिसणारा व्हिडिओ टीव्हीवर काळा दिसतो.

दर्जासाठी ‘-सीआरएफ’ हा आकडा. एच.२६४ साठी सर्वसाधारण फाइलींत तो ० ते ५१, न सांगितल्यास २३. आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. घरच्या आठवणींसाठी मी १८ ते २० ठेवतो, नुसतं पाठवायचं असेल तर २३ ते २६. ‘-प्रीसेट स्लो’ दिलं तर वेळ जास्त लागतो, पण त्याच दर्जाला फाइल बारीक होते. बिटरेटचे, म्हणजे सेकंदाला किती जागा द्यायची याचे, आकडे हाताने ठरवत बसण्यापेक्षा सीआरएफ बरा : शांत प्रसंगाला तो कमी जागा देतो, वरातीतल्या नाचाला जास्त.

टर्मिनल नको, बटणांचं काही आहे का?

व्हिडिओसाठी हँडब्रेक चांगला आहे. मात्र तो चित्र नेहमी पुन्हा दाबतो, नुसता डबा बदलण्याची सोय त्यात नाही. आवाजासाठी साउंडकन्व्हर्टर, पुस्तकांसाठी कॅलिबर.

लग्नाच्या व्हीसीडीतली फाइल कॉपीच होत नाही. डिस्क गेली का?

गेलीच असेल असं नाही. व्हीसीडीवरचे व्हिडिओचे ट्रॅक साध्या फाइलीसारखे लिहिलेलेच नसतात. एमपेगएव्ही फोल्डरमध्ये डीएटी नावाची फाइल दिसते, पण नेहमीच्या पद्धतीने उतरवायला गेलं की इनपुट-आउटपुटची चूक येते. डिस्क खराब झाली असं समजून लोक ती टाकून देतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. व्हीसीडीइमेजर या पॅकेजमध्ये ‘व्हीसीडीएक्सरिप’ नावाची आज्ञा आहे. ती ट्रॅक बरोबर वाचून एमपीजी फाइली काढते.

हाती लागतो तो एमपेग-१ चा व्हिडिओ, आपल्याकडच्या पाल पद्धतीत ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचा, सेकंदाला २५ चौकटी. हाच साठवायचा. कोणी म्हणेल याला ‘फुल एचडी’ करून द्या. आकार वाढतो, पण चेहऱ्यावरचा नसलेला तपशील येत नाही. फोनसाठी एक एच.२६४ प्रत सीआरएफ १८ ने काढा, एवढं पुरे.

डीव्हीडी असेल तर काम सोपं. त्यातल्या एकाच कार्यक्रमाच्या १ जीबीच्या व्हीओबी फाइली ‘कॅट’ने क्रमाने जोडता येतात. कॅमेऱ्याने काढलेल्या चित्रणात हालचालीच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसले, तर पाहण्यासाठीची प्रत काढताना ‘बीडब्ल्यूडीआयएफ’ हा फिल्टर लावा. साठवणीच्या प्रतीला लावू नका.

कॅसेट संगणकावर घ्यायची आहे. कोणता फॉरमॅट?

साठवायला फ्लॅक, वाटायला ओपस किंवा एमपी३.

आधी टेप : प्लेअरचं डोकं, म्हणजे टेपला टेकणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या बोळ्याने पुसा आणि कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवून घ्या. जोडणी लाइन-इनला करा. माइकच्या छिद्राला केली तर आवाज फाटतो. रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी घ्या, नाहीतर ‘एरेकॉर्ड -एफ सीडी’ एवढ्या आज्ञेवरही भागतं. पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा आवाजही उणे ६ डेसिबलच्या आसपास थांबेल. लाल दिव्याला टेकलेला आवाज कापला जातो आणि मग फ्लॅक असो की काही, तो कापलेलाच राहतो. एका बाजूची एक फाइल करा, गाणी नंतर तोडा.

सीडीच्या दर्जाचा न दाबलेला आवाज तासाला साधारण ६३५ एमबी होतो. फ्लॅक तोच आवाज बहुधा निम्म्या ते दोन तृतीयांश जागेत ठेवतो आणि उलगडल्यावर एकेक आकडा मूळचाच निघतो. तो मुक्त आहे, २००१ पासून आहे. सुरसुर काढणारे फिल्टर फ्लॅक साठवल्यानंतर, प्रतीवर चालवा. आज जी सुरसुर वाटते तिच्यात उद्या कोणाला तंबोऱ्याची जवारी सापडू शकते.

एमपी३ चं फ्लॅक केलं तर आवाज सुधारेल?

नाही. गेलेलं परत येत नाही, फाइल मात्र मोठी होते.

आणि एमपी३ वापरण्यात काही कायदेशीर अडचण?

आता नाही. एमपी३ च्या पेटंटचा परवाना देण्याचा कार्यक्रम एप्रिल २०१७ मध्ये संपला. लिनक्सवर तो निर्धास्त वापरा. एमपी३ करताना ‘-क्यू:ए २’ दिलं तर साधारण १९० केबीपीएसच्या आसपासची, गरजेप्रमाणे कमीजास्त होणारी फाइल मिळते. भजन-कीर्तनाला ते उत्तम.

व्हॉट्सॲपवर आलेला आवाजाचा निरोप जपून ठेवायचा आहे.

तो ओपसमध्ये असतो, मुक्त आणि चांगला कोडेक, २०१२ मध्ये प्रमाणित झालेला. जसा आहे तसाच ठेवा. फक्त नाव बदला : कोण बोलतंय, कधी. कोणाला कारमध्ये ऐकायचा असेल तरच त्याची एमपी३ प्रत काढा. जुन्या मोबाइलमधल्या एएमआर फाइलींनाही हेच लागू. त्यातला आवाज सेकंदाला फक्त ८,००० नमुन्यांचा असतो, कितीही मोठा एमपी३ केला तरी तो टेलिफोनचाच राहतो.

वर्डची फाइल पीडीएफ केली तर मांडणी का बदलते?

बहुतेक वेळा फाँटामुळे. डॉकएक्स फाइलमध्ये फाँट सहसा नसतो, फक्त त्याचं नाव असतं. ते नाव तुमच्या लिनक्सवर नसेल तर लिबरऑफिस (लिनक्सवर वर्डच्या जागी वापरतात तो संच) जवळचा दुसरा घेतो आणि ओळी सरकतात. इंग्रजीसाठी सोय आहे : कार्लितो हा कॅलिब्रीच्या मापाचा, लिबरेशनचे फाँट एरियल आणि टाइम्सच्या मापाचे, म्हणून ओळी जागच्या जागी राहतात. देवनागरीत मंगल, कोकिळा, निर्मला यांच्या मापाचे असे जोडीदार मला अजून मिळालेले नाहीत. तेव्हा शक्य असेल तर पाठवणाऱ्यालाच नोटो, मुक्ता, लोहित यांसारखा मुक्त फाँट वापरायला सांगा. तो दोन्हीकडे सारखाच बसतो. तुमच्याकडे मराठीचे कोणते फाँट आहेत हे ‘एफसी-लिस्ट :लँग=एमआर’ सांगतं.

अजून एक बारीक गोष्ट. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी लावा, हिंदी नको. काही फाँटांमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं भाषा मराठी असल्यावरच उमटतात. शाळेच्या प्रमाणपत्रावर हा फरक लगेच डोळ्यांत भरतो.

रूपांतराची आज्ञा : सॉफिस, मग दोन हायफन लावून हेडलेस, पुन्हा दोन हायफन लावून कन्व्हर्ट-टू, मग पीडीएफ आणि फाइलचं नाव. एका दमात शंभर फाइली होतात. लिबरऑफिसची खिडकी उघडी असेल तर कधी कधी ही आज्ञा काहीच न करता मुकाट्याने परत येते. खिडकी बंद करून पुन्हा चालवा.

पॅनडॉक आणि लिबरऑफिस, कोणतं कशाला?

पानाचं रूप जपायचं असेल तर लिबरऑफिस. मजकुराची रचना, म्हणजे मथळे, परिच्छेद, तळटीपा, जपून ती दुसरीकडे न्यायची असेल तर पॅनडॉक. पॅनडॉक लिहिला जॉन मॅकफार्लेन यांनी. ते बर्कलीला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत. लिहिणाऱ्या माणसाच्या गरजा त्यात जागोजाग दिसतात. डॉकएक्सवरून ईपब करायला माझी पहिली पसंती त्यालाच. चित्रं वेगळी हवी असतील तर ‘एक्स्ट्रॅक्ट-मीडिया’ हा पर्याय आहे.

पॅनडॉक जुनी डॉक फाइल वाचत नाही, ती आधी लिबरऑफिसने डॉकएक्स करून घ्या. पीडीएफ तो तयार करतो, वाचत मात्र नाही. आणि मराठी पीडीएफ करताना नेहमीचं इंजिन देवनागरीवर अडतं. इंजिन म्हणून ‘झीलाटेक’ किंवा ‘लुआलाटेक’ सांगा आणि मुख्य फाँट म्हणून एखादा देवनागरी फाँट.

१९९८ ची स्मरणिका उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. फाइल बिघडली आहे का?

बिघडलेली नाही. मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, हाताशी येण्याआधी मराठी डीटीपीचं सगळं काम श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशा प्रणालींवर चालत असे. त्यातल्या अनेक फाँटांनी एक युक्ती केली होती : संगणकाच्या लेखी जिथे इंग्रजी अक्षर आहे, तिथे देवनागरी अक्षराचा तुकडा काढून ठेवायचा. फाँट असेपर्यंत मराठी दिसतं. फाँट काढला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. दहा-पंधरा वर्षांचे दिवाळी अंक, जिल्ह्यांची गॅझेट, पतसंस्थांचे अहवाल या अवस्थेत पडून आहेत. शोधता येत नाहीत, वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला कळत नाहीत. युनिकोडने देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा दिला आहे. आपला मजकूर तिथे नेऊन ठेवायचा.

पहिलं काम फाँटाचं नेमकं नाव शोधणं. लिबरऑफिसमध्ये मजकुरावर टिचकी मारली की नावाच्या चौकटीत ते दिसतं, फाँट बसवलेला नसला तरी. एकाच घराण्यातल्या दोन फाँटांचे तक्तेही वेगळे असू शकतात, म्हणून ‘तोच तो जुना मराठी फाँट’ एवढ्यावर काम सुरू करू नका.

मग त्या फाँटाचा तक्ता लागतो : कोणत्या चिन्हाच्या जागी कोणता तुकडा. बऱ्याच फाँटांसाठी तयार स्क्रिप्ट मिळतात. नसेल तर फाँटफोर्जमध्ये फाँट उघडून एका संध्याकाळी तक्ता स्वतः करता येतो. बदल करताना लांब जुळण्या आधी आणि एकेकटी चिन्हं शेवटी, हा क्रम मोडायचा नाही. काही फाँटांत ‘ष’ हे अर्धा ष आणि काना अशा दोन तुकड्यांचं असतं. तुकडे आधी बदलले तर पुढे सगळा गोंधळ.

त्यानंतर दोन सरकवासरकवी. जुन्या फाँटांत अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणून पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर हवी. ‘किती’ला हे सोपं आहे, पण ‘स्थिती’मध्ये तिला अर्धा स आणि थ हे दोन्ही ओलांडून पुढे जावं लागतं. रफाराचं उलट : जुन्या मजकुरात तो अक्षरानंतर, कधी मात्रा-वेलांटीच्याही नंतर असतो, तर युनिकोडमध्ये ‘कीर्ती’तला र त च्या आधी जायला हवा.

आणि आता ती चूक, जी मराठी माणसानेच पकडायला हवी. हिंदीसाठी केलेल्या तक्त्यांत आपला ‘ऱ्य’ नसतो. तो रफार समजून बदलला जातो आणि ‘आचाऱ्यांना बोलावलं’ याचं ‘आचार्यांना बोलावलं’ होतं. ‘दऱ्या’ होत्या तिथे ‘दर्या’ येतो. दोन्ही शब्द बरोबर असल्याने शुद्धलेखन तपासणारा काही बोलत नाही. त्यातच युनिकोडमध्ये हा अर्धा र लिहायच्या दोन पद्धती प्रचारात आहेत : ऱ या स्वतंत्र अक्षराला पाय मोडून, किंवा साध्या र ला पाय मोडून पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. दिसायला सारखंच, शोधताना वेगळं. सगळा मजकूर एकाच पद्धतीवर आणा. मी पहिली वापरतो. ‘ॲ’चंही तसंच : हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या तक्त्यांत ते नसणारच. ‘बॅंक’, ‘ॲड.’ असे शब्द एकदा हाताने तपासा.

शेवटची अडचण मधल्या इंग्रजी शब्दांची. पूर्ण फाइल तक्त्यातून गाळली तर खरीखुरी इंग्रजी नावं, पत्ते, सूत्रं यांचंही निरर्थक देवनागरी होतं. यावर मला सापडलेला उत्तम उपाय असा : फाइल लिबरऑफिसमधून एफओडीटी म्हणून जतन करा. हा ओडीटीचाच भाऊ, पण एकच साधी मजकूर फाइल. त्यात प्रत्येक तुकड्याला कोणती शैली आणि त्या शैलीला कोणता फाँट हे लिहिलेलं असतं. पायथनच्या छोट्या स्क्रिप्टने फक्त जुन्या मराठी फाँटातले तुकडे बदलायचे, बाकीचे शिवायचे नाहीत. मथळे, ठळक शब्द, तक्ते सगळं जागेवर राहतं. वाचनालयाच्या स्मरणिकेचं काम मी असंच केलं. आज त्यात वर्गणीदाराचं नाव टाइप केलं की त्याच्या आजोबांचं पान उघडतं.

ती स्मरणिका पेजमेकरमध्ये आहे.

लिबरऑफिस ४.४ पासून पेजमेकरच्या फाइली ड्रॉमध्ये उघडू शकतो. मांडणी हुबेहूब येईल ही अपेक्षा ठेवू नका, पण मजकूर हाती लागतो आणि तोच हवा असतो. जुन्या छापखान्याकडे फाइल मागायला जाल तेव्हा फाँटही मागून घ्या.

पीडीएफमधून मराठी कॉपी केलं की वेलांट्या भलतीकडे का जातात?

कारण पीडीएफमध्ये मजकूर नसतो, छापलेल्या आकृत्यांच्या जागा असतात. कोणती आकृती म्हणजे कोणतं अक्षर याचा तक्ता सोबत असू शकतो, पण देवनागरीत दोन अक्षरांची एक आकृती होते, वेलांटी आधी काढली जाते, आणि त्या साध्या तक्त्यात हे सगळं बसत नाही. युनिकोडमध्ये टाइप केलेल्या फाइलीचीही पीडीएफ केल्यावर अशी गत होऊ शकते.

आधी ‘पीडीएफटूटेक्स्ट’ चालवून बघा. कधी बरं निघतं. मग ‘पीडीएफफाँट्स’ : जुन्या फाँटाचं नाव दिसलं तर वरचा तक्त्याचा मार्ग. दोन्ही जमलं नाही तर पानांचं चित्र करून ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं. पण या सगळ्याआधी ज्यांनी पीडीएफ केली त्यांना फोन करून मूळ फाइल मागा. दहातल्या काही वेळा ती मिळते आणि दोन दिवस वाचतात.

मराठीचं ओसीआर लिनक्सवर जमतं का?

छापील मजकुराचं छान जमतं. हस्ताक्षराची आणि मोडीची अपेक्षा मात्र याच्याकडून करू नका. साधन म्हणजे टेसरॅक्ट. एचपीच्या प्रयोगशाळेत १९८५ मध्ये त्याची सुरुवात झाली, २००५ मध्ये ते मुक्त झालं. मराठीची माहिती वेगळ्या पॅकेजमध्ये असते, भाषेचा संकेत ‘एमएआर’. हिंदीचा लावून काम करू नका, ‘ळ’ हमखास बिघडतो. मधे इंग्रजी असेल तर दोन संकेत अधिकचिन्हाने जोडा.

स्कॅन ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांवर, करा. फोनने फोटो काढणार असाल तर दिवसाच्या उजेडात, पान काचेखाली सपाट दाबून. अक्षरांची शिरोरेषा तिरकी झाली की चुका झपाट्याने वाढतात.

पूर्ण पुस्तकासाठी ‘ओसीआरमायपीडीएफ’ घ्या. तो स्कॅनच्या चित्रामागे अदृश्य मजकूर बसवतो, म्हणजे पान दिसतं मूळचंच पण शोधता येतं. न सांगताही तो पीडीएफ-ए तयार करतो. हा दीर्घकाळ जतनासाठीचा प्रकार आहे, २००५ पासूनचं आंतरराष्ट्रीय प्रमाण. ‘साइडकार’ पर्यायाने मजकुराची वेगळी फाइलही मिळते. ‘फोर्स-ओसीआर’ हा पर्याय मात्र सगळी पानं चित्रं करून टाकतो, म्हणून त्याचा निकाल नेहमी नव्या नावाने साठवा.

पुस्तक कोणाचं आहे हेही बघा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालू असतात.

फॉर्मसाठी फोटो ५० केबीच्या आत हवा, कागदपत्रांची एकच पीडीएफ हवी.

फोटो आधी लहान करा, मग दाबा. चार हजार ठिपके रुंदीचा फोटो थेट ५० केबीत कोंबला तर चेहरा चौकोनी ठोकळ्यांचा होतो. चित्रांवर काम करणाऱ्या इमेजमॅजिकच्या ‘रीसाइझ’ने मागितलेल्या मापाला आणा, मग ‘जेपेगऑप्टिम’ला ‘साइझ’ पर्यायात ५०के सांगा.

कागदपत्रांच्या फोटोंची पीडीएफ ‘आयएमजी२पीडीएफ’ने करा, यात दोनचा आकडा आहे. तो जेपेग पुन्हा दाबत नाही, तसाच पानावर बसवतो. तयार पीडीएफ एकमेकींना जोडायला ‘पीडीएफयुनाइट’. आकार फारच मोठा झाला तर घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफ हाताळणाऱ्या साधनाची ‘ईबुक’ मांडणी चित्रं १५० डीपीआयच्या आसपास आणते. सातबाऱ्यावरचे बारीक आकडे त्यानंतर वाचता येतात का, हे चढवण्याआधी पूर्ण मोठं करून बघा.

आयफोनच्या एचईआयसी फोटोंचं काय?

‘हाइफ-कन्व्हर्ट’, पुढे मूळ नाव, मग जेपीजी नाव. नव्या आवृत्त्यांत हीच आज्ञा ‘हाइफ-डेक’ नावाने आहे.

इमेजमॅजिक म्हणतो, सुरक्षा धोरणामुळे पीडीएफ करता येणार नाही.

२०१८ मध्ये घोस्टस्क्रिप्टमध्ये गंभीर त्रुटी सापडल्या, तेव्हा उबुंटूसारख्या डिस्ट्रोंनी, म्हणजे लिनक्सच्या तयार संचांनी, हे कुलूप लावलं. धोरणाची फाइल बदलून कुलूप काढायचे सल्ले खूप मिळतील. मी देत नाही, कारण गरजच नाही. पीडीएफची चित्रं करायला ‘पीडीएफटूपीपीएम -आर ३००’ आणि चित्रांची पीडीएफ करायला आयएमजी२पीडीएफ, दोन्ही जास्त चांगली आहेत.

इमेजमॅजिकच्याच ‘मॉग्रिफाय’ या आज्ञेपासून मात्र जपा. फॉरमॅट न बदलता ती चालवली की मूळ फाइलवरच लिहिते, न विचारता.

विद्यार्थ्यांच्या यादीची सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली तर नावांच्या जागी चित्रविचित्र अक्षरं येतात.

फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, आहे आणि एक्सेल ती जुन्या संकेतात वाचतो आहे. लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडताना यूटीएफ-८ निवडा आणि एक्सएलएसएक्स करून पाठवा. उघडतानाच खाते क्रमांकाच्या स्तंभाचा प्रकार ‘मजकूर’ करा. नाहीतर सुरुवातीची शून्यं गळतात आणि १५ च्या पुढचे अंक शून्य होऊन बसतात. असा एक अंक चुकला तर कोणाची तरी शिष्यवृत्ती अडते.

पाचशे फाइली आहेत, एकेक करत बसू का?

नाही, बॅशचं, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामचं, फॉर चक्र वापरा. ते एकच आज्ञा प्रत्येक फाइलवर चालवतं. तीन गोष्टी सांभाळा. फाइलच्या नावात मोकळी जागा असते, म्हणून ते नाव धरणारा चल नेहमी दुहेरी अवतरणचिन्हांत. लिनक्सला जेपीजी मोठ्या अक्षरांत आणि लहान अक्षरांत हे दोन वेगळे शेवट वाटतात, दोन्ही घ्या. आणि यादी वाचत चालणाऱ्या चक्रात एफएफएमपेगला ‘-नोएसटीडीइन’ द्या, नाहीतर तो पुढची नावं स्वतःच गिळतो आणि अर्ध्याच फाइली होतात. आधी तीन फाइलींवर चालवून निकाल उघडून बघा, मग पाचशेंवर.

रूपांतर बरोबर झालं हे कसं तपासू?

व्हिडिओ आणि आवाजासाठी एफएफएमपेगला ‘-व्ही एरर’ देऊन फाइल ‘नल’कडे पाठवा, म्हणजे निकाल कुठेच साठवला जात नाही. तो अख्खी फाइल उलगडून बघतो आणि चूक असेल तरच बोलतो. मग एफएफप्रोबने दोन्ही फाइलींची लांबी ताडून बघा. पीडीएफची पानं पीडीएफइन्फोने मोजा. मजकुरासाठी मात्र माणूसच लागतो : एकाने छापील पान हातात धरायचं, दुसऱ्याने पडद्यावरचं मोठ्याने वाचायचं. आम्ही वाचनालयात दर दहा पानांतलं एक असं वाचतो, आणि त्यात ‘ऱ्य’ची एक जरी चूक निघाली, तरी ती दहाही पानं पुन्हा वाचतो.